रात्री अडीचला भेटलेली ती डॉक्टर

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही सांगली जिल्ह्यातले. गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना, आप्पांना (वय ७१, बरीच वर्षं शुगर आहे), रात्री साडेबाराला पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ सुरू झाली. संध्याकाळी लग्नाचं जेवण झालं होतं, म्हणून ॲसिडिटीची गोळी आणि थंड दूध दिलं. घाम थांबेना तेव्हा अडीचच्या सुमारास शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. पोचल्या पोचल्या ईसीजी काढला. ड्यूटीवर एक तरुण मुलगी होती, पायात स्पोर्ट्स शूज. तिने उभ्या उभ्या पट्टी पाहिली, आप्पांना दोन-तीन प्रश्न विचारले, सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि 'थांबा' म्हणून निघून गेली. तेवढ्यात एका पोराला बेशुद्ध आणलं होतं, फवारणीचं औषध प्यायला होता म्हणे. पाऊण तास ती त्याच्यापाशीच. मध्ये सिस्टरने आप्पांचा आणखी एक ईसीजी काढून तिला नेऊन दाखवला. आम्ही बाकावर. इकडे काउंटरवाला म्हणतोय, 'आधी वीस हजार भरा.' माझे दीर चिडले. मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, 'मोठ्या डॉक्टरांना बोलवा' म्हणून आवाज चढवला. ती म्हणाली, 'तुम्ही बाहेर थांबा.' नाव सांगितलं नाही, काय झालंय तेही नाही. नंतर पुन्हा ईसीजी, पुन्हा रक्त, आणि 'ॲडमिट करावं लागेल, अजून नक्की सांगता येत नाही' एवढंच. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट टाकला. आप्पा आता बरे आहेत.

डिस्चार्जच्या कागदावर तिच्या नावापुढे 'एमबीबीएस, एमईएम' आहे. दिरांनी शोधलं तर ही डिग्री सरकारमान्य नाही असं निघालं. ते मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करणार आहेत. मिस्टर म्हणतात, सोडून द्या. आप्पा म्हणतात, पुन्हा त्या दारात नेऊ नका, आपले गावातले डॉक्टरच बरे. ती खरंच इमर्जन्सीची डॉक्टर होती का? तक्रार करावी का? आणि पुन्हा अशी वेळ आली तर आम्ही काय करायचं?

— एक सून

ताई,

आप्पा घरी आले आणि बरे आहेत, हे वाचून बरं वाटलं. उत्तरं आधी थोडक्यात देऊन टाकते, कारण तुमच्या दिरांनी एव्हाना अर्ज टाइप करायला घेतला असेल. ती मुलगी डॉक्टर आहे का, याची खात्री पाच मिनिटांत करता येते. कशी ते पुढे सांगते. तिच्याविरुद्ध कौन्सिलकडे जावं असं तुम्ही लिहिलेल्यात मला काहीही दिसलं नाही. हॉस्पिटलकडे मात्र लेखी तक्रार जरूर करा, ती वेगळ्या गोष्टींसाठी. माझी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात गेली, तेव्हा त्या मुलीकडे माझा थोडा कल असणारच. तो वजा करून वाचा.

त्या पाऊण तासापासून सुरुवात करू, कारण सगळा राग तिथे साचलाय.

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, घाम सुटलाय, वय सत्तरीच्या पुढे आणि शुगर. असा पेशंट दारात आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा आणि तो डॉक्टरच्या नजरेखालून जायला हवा, हा जगभरचा नियम आहे. तो तिथे पाळला गेला. उभ्या उभ्या ती पट्टीत एकच गोष्ट शोधत होती: हृदयाची एखादी मुख्य रक्तवाहिनी या क्षणी पूर्ण बंद पडल्याची खूण आहे का. ती दिसली असती तर तिने तिथूनच कॅथलॅबला, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या विभागाला, फोन लावला असता. अशा पेशंटची रक्तवाहिनी दारात आल्यापासून नव्वद मिनिटांत फुग्याने उघडायची असते. ती सोय नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्ध्या तासात द्यायचं असतं. खूण दिसली नाही, म्हणजे धोका टळला असं नव्हे. हाताशी थोडा वेळ आहे, एवढंच. हार्ट ॲटॅक असूनही पहिला ईसीजी साफ निघतो, हे अपघात विभागात रोज दिसतं. ट्रोपोनिन या हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाची रक्ततपासणीही सुरुवातीला फसवते. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात वाढायला काही तास जातात, म्हणून ती काही वेळाने परत करावी लागते.

'सिस्टरला काहीतरी सांगितलं' असं तुम्ही लिहिलंय. ते काहीतरी बहुधा असं असणार: मॉनिटर लावा, सुई लावून रक्त पाठवा, ॲस्पिरिन चघळायला द्या, थोड्या वेळाने ईसीजी परत काढून मला दाखवा. आप्पांना विचारून बघा, चघळायला गोळी दिली होती का. आणि दुसरी पट्टी सिस्टरने तिला नेऊन दाखवली, हे तर तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्या पाऊण तासात ती आप्पांना विसरली नव्हती. पलीकडच्या खाटेवरून त्यांच्यावर लक्ष ठेवून होती.

आता त्या पलीकडच्या खाटेवर काय चाललं असेल ते सांगते, कारण पडदा ओढलेला असतो आणि बाकावरून काही दिसत नाही.

फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट बहुतेक वेळा ऑर्गनोफॉस्फरस जातीच्या विषाचा असतो. आपल्या महाराष्ट्रात हे विष माहीत नसलेला अपघात विभाग नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात नुसती फवारणी करताना किती शेतकरी-शेतमजूर गेले, ते आठवत असेल. बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. तोंडातून फेस, अंगभर घाम, नाडी मंद, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला की आत पाणी खदखदल्याचा आवाज येतो. पेशंट स्वतःच्याच फुप्फुसात साठलेल्या पाण्यात बुडत असतो. एक जण कपडे कापून काढतो, दुसरा साबणपाण्याने अंग धुतो, तिसरा नळीने घसा साफ करतो. उतारा म्हणजे ॲट्रोपिन. त्याच्या काचेच्या छोट्या कुप्या मिळतात, एकीत ०.६ मिलिग्रॅम. सुरुवात तीन कुप्यांनी करायची. पाच मिनिटांनी परत छाती ऐकायची, नाडी बघायची, काखेत हात घालून घाम सुकला का ते बघायचं. सुकला नसेल तर डोस दुप्पट: सहा कुप्या. पाच मिनिटांनी बारा. मग चोवीस. सिस्टर कुप्या फोडत राहते, ट्रेमध्ये काचांचा खच पडतो आणि डॉक्टर खाटेपासून हलू शकत नाही, कारण प्रत्येक पाच मिनिटांनी पुढचा डोस तिच्या कानाने आणि बोटांनी ठरवायचा असतो. मध्येच श्वास थांबला तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा. वर एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद आणि पोलिसांना कळवणं, तेही तिनेच.

तुमचे दीर ओरडत होते ते नेमकं अशा वेळी.

आधी कोणाला बघायचं, हे आधी कोण आलं यावर ठरत नाही, आणि कोण कोणाच्या ओळखीचं यावर तर मुळीच नाही. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दोमिनिक लारे याने ही पद्धत रुजवली: हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. आज त्याला ट्रायाज म्हणतात. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळाने चालेल पण नजर ठेवून, हिरवा म्हणजे थांबू शकेल. पहिल्या पट्टीनंतर आप्पा पिवळे होते आणि तो पोरगा लाल. दुसऱ्या पट्टीत काही बदललं असतं तर आप्पाही लाल झाले असते आणि तिला दोन्हीकडे पळावं लागलं असतं. अशा वेळी ती दुसऱ्या डॉक्टरला बोलावते. निदान बोलवायला हवं, आणि रात्री तसा दुसरा डॉक्टर हॉस्पिटलमध्ये असायला हवा. हा मुद्दा तुमच्या तक्रारीत घालण्यासारखा आहे, तो लक्षात ठेवा.

'काय झालंय ते सांगितलं नाही' हीही तुमची तक्रार. इथे इमर्जन्सीचं काम आपल्या ओळखीच्या दवाखान्यापेक्षा उलट्या दिशेने चालतं, हे लक्षात घ्यायला हवं. आपल्या फॅमिली डॉक्टरकडे आधी बोलणं, मग तपासणं, मग निदान आणि शेवटी औषध. इमर्जन्सीत निदान सगळ्यात शेवटी येतं, कधी कधी येतच नाही. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, मग अंगावरचे कपडे काढून बाकी सगळं. या क्रमामागे एका बापाचा अनुभव आहे. जेम्स स्टायनर हा अमेरिकेतला हाडांचा डॉक्टर. फेब्रुवारी १९७६ मध्ये तो चालवत असलेलं छोटं विमान नेब्रास्कात शेतात कोसळलं. बायको जागीच गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. जवळच्या लहान हॉस्पिटलात पोचल्यावर त्याला दिसलं की अशा जखमींचं काय करायचं याची ठरलेली पद्धतच तिथे नाही. त्याने सहकाऱ्यांना घेऊन ती बसवली, दोन वर्षांनी तिचं पहिलं शिक्षण सुरू झालं, आणि आज ते एटीएलएस नावाने जगभर दिलं जातं. त्या मुलीनेही ते घेतलं असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून 'ॲडमिट करावं लागेल, अजून नक्की सांगता येत नाही' हे तिचं बोलणं मला प्रामाणिक वाटलं. खोटा धीर देऊन, ॲसिडिटीचं इंजेक्शन टोचून आप्पांना घरी पाठवणारेही असतात. पहिली पट्टी साफ, पेशंट स्वतः म्हणतोय लग्नात जेवलो, रात्रीचे तीन वाजलेत, नातेवाईक कटकट करतायत. घरी पाठवायला एवढं पुरेसं असतं. तिने पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेंट पडला, म्हणजे तिचा संशय बरोबर होता. शुगरच्या पेशंटला आणि म्हाताऱ्या माणसांना छातीत कळ न येता नुसती जळजळ, उलटी, दम किंवा गळून गेल्यासारखं होऊन ॲटॅक येतो. हे तिला ठाऊक होतं आणि तिने त्याप्रमाणे वागून दाखवलं.

आता डिग्री. हा प्रश्न दिरांनी रागाने विचारला असला तरी प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिन ही शाखा फार उशिरा आली. अमेरिकेत या विषयाचं पदव्युत्तर प्रशिक्षण १९७० मध्ये सिनसिनाटीत सुरू झालं. आपल्याकडे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने या शाखेला २००९ मध्ये मान्यता दिली, आणि डीएनबी या पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम २०१३ मध्ये आला. तोवर 'अपघात विभाग' अशी पाटी असायची आणि खाली एक सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) बसलेला असायचा. त्याने पेशंट बघायचा आणि ठरवायचं की वर मेडिसिनला पाठवू, सर्जरीला की ऑर्थोला. माझी नोकरी अशा पाटीखालीच गेली. शहाण्या सीएमओने शेकडो जीव वाचवलेत, पण तो अनुभव होता, शिक्षण नव्हतं. आज सरळ रस्ता असा: एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा, मग एमडी किंवा डीएनबी इमर्जन्सी मेडिसिन, आणखी तीन वर्षं. जागा मागणीच्या मानाने कमीच.

ही तूट भरून काढायला काही मोठ्या खासगी हॉस्पिटलांनी परदेशी विद्यापीठांच्या जोडीने स्वतःचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तो एमईएम, म्हणजे मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन. तुमच्या दिरांनी शोधलं ते बरोबर आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्य पदव्युत्तर पदव्यांत तो बसत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची एमआरसीईएम परीक्षा देणारेही बरेच आहेत, त्यांचंही बरंचसं असंच. पण यातून ती मुलगी बोगस ठरत नाही. तिचा वैद्यकीय व्यवसायाचा परवाना एमबीबीएस आणि कौन्सिलच्या नोंदणीवर उभा आहे, आणि त्या परवान्यावर तिने केलेलं सगळं ती करू शकते. एमईएमची तीन वर्षं तिने अशाच रात्रींमध्ये, अशाच खाटांपाशी काढलेली असतात. तिला नियम एवढाच आड येतो की मान्य पदवी नसताना स्वतःला त्या शाखेची तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. हॉस्पिटलने तिच्या दारावर किंवा जाहिरातीत 'इमर्जन्सी स्पेशालिस्ट' लिहिलं असेल तर तो प्रश्न हॉस्पिटलला विचारा. कागदावर नुसतं 'एमबीबीएस, एमईएम' असेल तर तिने काही लपवलेलं नाही. तुमच्या दिरांना शोधता आलं ते तिने लिहिलं म्हणूनच.

खात्री कशी करायची? प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनवर आणि दाखल्यावर आपला नोंदणी क्रमांक लिहिणं बंधनकारक आहे. डिस्चार्जच्या कागदावर सहीखाली तो असायला हवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाका, नोंदणी आहे का आणि कोणती पदवी नोंदली आहे ते कळेल. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, तेही बघा.

खरं तर दिरांनी धास्तावायला हवं ते दुसऱ्याच गोष्टीने. आपल्याकडच्या कितीतरी खासगी हॉस्पिटलांत रात्री आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर असतात. त्यांतले काही मी अतिशय हुशार पाहिलेत, पण ॲट्रोपिन दुप्पट करत नेण्याचं किंवा घशात नळी घालण्याचं शिक्षण त्यांच्या पदवीत नाही. वरचा डॉक्टर फोनवर उपलब्ध आहे की नाही, यावर सगळं अवलंबून राहतं. तुमच्या हॉस्पिटलने रात्री अडीचला एमबीबीएस झालेली आणि इमर्जन्सीत तीन वर्षं शिकलेली डॉक्टर उभी केली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एवढं मिळणं, ताई, नशीब म्हणा.

पदवीचं फार स्तोम माजवूही नये. महाराष्ट्रातल्या तातडीच्या उपचारांमधल्या एका मोठ्या शोधाची सुरुवात झाली ती महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे मेडिकल ऑफिसर होते. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट पोरं दगावत. हे पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, छाती टिपत राहिले, आणि विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं हे त्यांनी ताडलं. पुढे रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरून पाहिली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. इमर्जन्सी मेडिसिन ही शाखा आपल्याकडे तेव्हा जन्मालाही आली नव्हती. डॉक्टर पेशंटपाशी परत परत येतोय का, दुसऱ्यांदा तपासतोय का, नक्की नसेल तर तसं म्हणतोय का, गरज पडल्यावर वरिष्ठाला उठवतोय का, हे मी आधी बघते. कागद नंतर.

'मोठे डॉक्टर' त्या वेळी घरी झोपलेले असतात, आणि ते बरोबरच आहे. हृदयरोगतज्ज्ञाचं काम रक्तवाहिनी उघडण्याचं. त्यासाठी त्यांना उठवायचं की नाही हे ठरवणारी, आणि तोवर पेशंटला सांभाळणारी ती मुलगी. जाता जाता एक विचारते, राग मानू नका. तिच्या जागी पन्नाशीचा, टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा बाप्या असता, तर दिरांनी 'मोठ्या डॉक्टरांना बोलवा' म्हटलं असतं का?

त्या शूटिंगचं काय करायचं ते तुम्हीच बघा, पण त्या पोराचं किंवा त्याच्या घरच्यांचं त्यात काही आलं असेल तर ते कोणालाही पाठवू नका आणि पुसून टाका. इमर्जन्सीत दुसऱ्याच्या घरातलं संकट उघडं पडलेलं असतं. आणि आवाज चढवण्यावरून प्रकरण हातघाईवर गेलं असतं, तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे: डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला किंवा तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. हे घरात शांतपणे सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

आता तुमची खरी तक्रार. ती मी तुमच्या वतीने जोरात करीन.

पहिली, काउंटर. अनामत मागायला हॉस्पिटलला मज्जाव नाही, पण पैसे येईपर्यंत तातडीचा उपचार अडवता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. तुमच्या बाबतीत ईसीजी आणि उपचार थांबले नव्हते, म्हणजे कायदा मोडला असं मी म्हणणार नाही. पण घामाने भिजलेला म्हातारा आत असताना सुनेला 'आधी वीस हजार' म्हणणारा माणूस त्या खुर्चीवर नको, हे लिहा. हेही विचारा की हे हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का. असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका आणि आधार दाखवल्यावर स्टेंटचा खर्च योजनेत बसू शकतो, आणि हे तुम्हाला काउंटरवरच सांगायला हवं होतं.

दुसरी, कोणी काही सांगितलं नाही. डॉक्टरला खाट सोडता येत नव्हती, मान्य. पण पाऊण तासात एखाद्या ब्रदरने, मदतनिसाने बाकापाशी येऊन 'पहिला ईसीजी ठीक आहे, परत काढतोय, डॉक्टर दुसऱ्या गंभीर पेशंटपाशी आहेत' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पंधरा सेकंद. तेवढं झालं असतं तर दिरांनी फोन खिशातून काढलाच नसता. आणि नाव. ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर नावाची डॉक्टर कॅन्सरने आजारी पडली आणि पेशंट म्हणून खाटेवर असताना तिच्या लक्षात आलं की तपासायला येणारे आपलं नावही सांगत नाहीत. २०१३ मध्ये तिने 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली आणि ती तिकडच्या दवाखान्यांत सगळीकडे पसरली. आपल्याकडे छातीवरचा बिल्लाही बहुतेक वेळा उलटा लटकलेला असतो. यावर त्या मुलीलाही दोन शब्द ऐकवायला हरकत नाही, पण ते तिच्या वरिष्ठांनी, तिच्या परवान्याला हात न लावता.

तिसरी ती मघाची: रात्री दोन गंभीर पेशंट एकदम आले तर दुसरा डॉक्टर कोण? नाव आणि वेळ विचारा.

हे तिन्ही मुद्दे एका पानात लिहून मेडिकल सुपरिंटेंडेंटला द्या आणि पोच घ्या. सोबत केसपेपरची पूर्ण प्रत मागा, सगळे ईसीजी आणि नर्सिंगच्या नोंदी धरून. अर्ज दिल्यापासून बहात्तर तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कोणता ईसीजी किती वाजता निघाला, गोळी किती वाजता दिली, हे त्यात छापलेलं असतं. ते वाचून मी इथे बांधलेला अंदाज चुकला असं दिसलं, म्हणजे खरोखरच मधल्या वेळात आप्पांना कोणी बघितलंच नव्हतं, तर मग तुमच्या दिरांचं म्हणणं मी मागे घ्यायला सांगणार नाही. तेव्हा कौन्सिल आहे, ग्राहक आयोग आहे; ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत असते, आजच धावायची गरज नाही.

पुढच्या वेळेसाठी. साडेबारा ते अडीच हे दोन तास घरात गेले, आणि त्या अख्ख्या रात्रीत सगळ्यात महाग पडले असते ते हेच दोन. पन्नाशीच्या पुढच्या, त्यातून शुगर असलेल्या माणसाला घामासकट जळजळ झाली तर ती ॲसिडिटी आहे हे ईसीजीने ठरवायचं, दुधाने नाही. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोनवरच विचारा, ॲस्पिरिन चघळायला देऊ का. शेजारचे कोणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला सांगतील, तो मोह टाळा; काही प्रकारच्या ॲटॅकमध्ये त्याने रक्तदाब एकदम कोसळतो, आणि पोटाजवळ दुखणारे ॲटॅक नेमके त्यांतले असू शकतात. पेशंटला गाडी चालवू देऊ नका, जिना चढवू नका.

एका प्लास्टिकच्या पाकिटात आप्पांचा आत्ताचा ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती, असं सगळं घालून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवा, जिथे अंधारातही हात जाईल. जुना ईसीजी शेजारी असला तर नव्यातला बदल लगेच कळतो. इमर्जन्सीत पोचल्यावर घरातल्या एकानेच बोलायचं, आणि पहिलं वाक्य असं: 'साडेबाराला सुरू झालं, शुगर आहे, मागच्या वर्षी स्टेंट टाकलाय, या गोळ्या चालू आहेत.' तुमच्या घरात हे काम तुम्ही करा. तुमचं पत्र वाचून सांगते, तुम्हाला वेळा अचूक आठवतात आणि तेच तिथे लागतं.

आप्पांना सांगा, गावातल्या डॉक्टरांकडे शुगर, बीपी, खोकला, सगळ्यासाठी जरूर जा, आणि त्यांच्याकडून आधीच विचारून ठेवा की रात्री ॲटॅकला कॅथलॅब चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं. बहुधा ते त्याच दाराचं नाव सांगतील.

आणि स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या दोन गोळ्या सुरू केल्यात, त्या दात काढायचा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की 'आता बरं वाटतंय' असं आप्पांना वाटो, हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. त्या बंद केल्याने स्टेंट पुन्हा गुठळीने बुजतो, आणि बुजला की मग पिवळं-बिवळं काही राहत नाही, आप्पा थेट लाल.